पहिली एअर रायफल घेताना: हलकी हवी, पण अंगाला बसणारी

नेमबाजीच्या रेंजवर नव्याने येणारे पालक पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, लहान आणि हलकी अशी एखादी चांगली रायफल सांगा ना, घेऊनच टाकतो." गेली अकरा वर्षं कोल्हापूर भागात मी मुलांना नेमबाजी शिकवते. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: सांगते, पण आज घेऊ नका.

मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी अकरा वर्षांची, वजन चौतीस किलो. रायफल आधीच घेतलेली, जर्मन बनावटीची, पूर्ण मापाची, नात्यातल्या कुणाकडून चांगल्या भावात मिळालेली. मुलीने ती उचलली आणि पाठ मागे कमानीसारखी वाकली. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकायला हवं, ते हवेत चार बोटं वर राहिलं. बट, म्हणजे रायफलचं मागचं टोक, खांद्यावर न बसता दंडावर सरकलं. डोळा पीप साईटपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या मागच्या छिद्रापर्यंत, पोचावा म्हणून तिने मान इतकी ताणली की गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. वीस गोळ्या झाल्यावर तिने रायफल स्टँडवर ठेवली आणि गुपचूप कंबर चोळली. आम्ही रायफल काट्यावर ठेवली तेव्हा ती चार किलो नऊशे ग्रॅम भरली. रायफल उत्तम होती, पण तिच्या मापाची नव्हती. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी कायदा नीट समजून घ्या

"नेमबाजीलाही चालेल आणि शिकारीलाही" अशी रायफल बरेचजण मागतात. भारतात हा विषय संपलेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे, आणि एअरगनने रानातला पक्षी पाडला तरी तो गुन्हाच. शेतात रानडुकरांचा त्रास असेल तर वन खात्याकडे अर्ज करायचा असतो. परस्पर बंदूक उचलायची नसते. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअरगन शासनाकडे जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि पक्षी वाचावेत म्हणून गावकऱ्यांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. मला ती गोष्ट फार मोलाची वाटते. परदेशातल्या मराठी वाचकांनी आपापल्या ठिकाणचा नियम पाहावा. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून प्रमाणपत्र लागतं. म्हणजे सीमा ओलांडली की नियम बदलतो.

आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचापर्यंत नळीचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या आतच असतात, त्यामुळे त्या या मर्यादेत आरामात बसतात. परवाना नाही म्हणजे कागदपत्रं नाहीत असं मात्र समजू नका. दुकानदार ओळखपत्र घेतो, नोंद ठेवतो. मुलासाठी रायफल घेत असाल तर बिल आईच्या किंवा वडिलांच्या नावावर करा आणि त्याची एक प्रत कायम रायफलच्या केसमध्ये ठेवा. एसटीने स्पर्धेला जाताना कुणी केस उघडून दाखवा म्हटलं तर तो कागद कामाला येतो. ०.२२ इंची काडतुसाची रायफल, म्हणजे ५० मीटरवरून मारायची, हे वेगळं प्रकरण आहे. तिला परवाना लागतो, आणि नवख्याने त्या वाटेला इतक्यात जाऊ नये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला तीच रायफल हवी असते. ओढ समजते. पण सुरुवात १० मीटरपासूनच करा.

तीन महिने क्लबची रायफल वापरा

पैसे खर्च करण्याआधी ही पायरी गाळू नका. बहुतेक रेंजवर क्लबच्या रायफली असतात. महिन्याची फी आणि छर्ऱ्यांचे पैसे भरून त्या वापरता येतात. तीन महिन्यांत तीन गोष्टी कळतात. मुलाला हा खेळ खरंच आवडतो का, त्याचा नेमाचा डोळा कोणता, आणि त्याला कोणत्या प्रकारात खेळायचं आहे. नेमबाजी पाहायला देखणी असली तरी प्रत्यक्षात एका जागी उभं राहून तेच ते साठ वेळा करायचं असतं. पात्रता फेरीत साठ गोळ्या, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पंचाहत्तर मिनिटं. काही मुलांना त्यात गोडी लागते, काहींना अजिबात नाही. दुसऱ्या गटातल्या मुलाच्या घरी लाखाची रायफल पलंगाखाली पडून राहते.

डोळा तपासायची रीत घरीही करता येते. दोन्ही हात समोर ताठ करा, तळवे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटीशी खिडकी करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसत राहतं, तो तुमचा नेमाचा डोळा. बऱ्याच उजव्या हाताच्या मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो. अशा मुलाला डाव्या हाताची रायफल द्यायची की न वापरायच्या डोळ्यासमोर पट्टी लावून उजव्याच हाताने शिकवायचं, हे प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा. माझा कल लवकर वयात डोळ्याप्रमाणे जाण्याकडे असतो. रायफल घेऊन झाल्यावर हे कळलं तर हात चोळत बसावं लागतं, कारण स्पर्धेच्या रायफलीचं ग्रिप एका हातासाठी कोरलेलं असतं.

आणि प्रकार. राज्य पातळीवर आपल्याकडे ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात. ओपन साईटला मागे साधी खाच आणि पुढे माशी, म्हणजे नेमाचा छोटा उंचवटा, असतो, रायफलही तुलनेने स्वस्तात येते. पीप साईटला मागे बारीक छिद्र आणि पुढे नळकांड्यात गोल रिंग असते. ऑलिंपिकची वाट तीच. पैशाची ओढाताण असेल तर ओपन साईटने सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. एकदा नेम धरण्याची शिस्त अंगात भिनली की पीप साईटवर जायला वेळ लागत नाही.

माप घ्यायला दर्जीकडे जातो तसं जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बटच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतच्या अंतराला रेंजवर 'लेंग्थ' म्हणतात. कोपर काटकोनात वाकवा, बट कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा आणि हात ग्रिपवर न्या. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज, सरळ बसलं पाहिजे. ताणून पोचत असेल तर लेंग्थ जास्त आहे, बोट दुमडून आत जात असेल तर कमी. हे माप नेहमी शूटिंग जॅकेट घालून घ्या. जाड कॅनव्हास आणि चामड्याचं ते जॅकेट अंगावर आलं की खांदा पुढे सरकतो आणि दुकानात टी-शर्टवर बरोबर वाटलेली रायफल रेंजवर लांब वाटायला लागते.

दुसरी कसोटी माझी आवडती. मुलाला डोळे मिटायला सांगा. मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लावू दे, गाल चीकपीसवर, म्हणजे दस्त्यावरच्या गाल टेकायच्या भागावर, आरामात टेकू दे, एक श्वास घेऊ दे. मग डोळे उघडायचे. पीप साईटचं छिद्र थेट समोर, गोल दिसलं तर दस्ता अंगाला बसतो आहे. काळी चंद्रकोर दिसली, हनुवटी उचलावी लागली किंवा मान वाकडी करावी लागली, तर चीकपीस, बटप्लेट (बटची खांद्याला टेकणारी पट्टी) नाहीतर साईटची उंची बदलावी लागेल. बदलूनही जमत नसेल तर ती रायफल तुमच्यासाठी नाही, मग किंमत कितीही चांगली असो.

म्हणूनच दस्ता घेताना लाकूड की ॲल्युमिनियम यापेक्षा तो किती सरकतो हे पाहा. बटप्लेट मागे-पुढे, वर-खाली, चीकपीस वर-खाली आणि आडवा, ग्रिप पुढे-मागे. वाढत्या वयाच्या मुलासाठी हे फिरणारे स्क्रू म्हणजे पुढची चार वर्षं कपडे उसवून लांब करत राहण्यासारखं आहे. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, श्टायर, आन्शुट्झ या सगळ्या कंपन्यांच्या रायफली रेंजवर दिसतात. नाव कोणतंही असो, लहान मुलासाठी आखूड आणि हलका दस्ता मिळतो का, हे आधी विचारा.

वजन किती?

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १० मीटर एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. ही वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही. माझा अनुभवाचा ठोकताळा असा: लहान मुलाच्या हातात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचीच रायफल द्यावी. पस्तीस किलोच्या मुलाला साडेतीन किलो. पंधरा-सोळाव्या वर्षानंतर, पाठ आणि पोटाचे स्नायू तयार झाल्यावर चार-साडेचार किलोकडे जायला हरकत नाही.

पण हलकी म्हणजे चांगलीच, असंही नाही. फार हलकी रायफल हृदयाच्या ठोक्यागणिक उडते. पीप साईटमधून पाहताना रिंगमध्ये टार्गेटचं काळं वर्तुळ नाडीच्या तालावर थरथरताना दिसतं. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्या बारीक कामात रायफलचं थोडं वजन स्थिर राहायला मदतच करतं. म्हणून मी अशी रायफल पाहते, जिला सुरुवातीला वजन काढून टाकता येईल आणि मुलगा वाढला की छोटी छोटी वजनं परत लावता येतील.

वजन कुठे आहे हे किती आहे याइतकंच महत्त्वाचं. रायफल एका बोटावर तोलून पाहा. ती जिथे तोलून राहते, तो बिंदू डाव्या हाताच्या आधाराजवळ असला तर हात मोकळा राहतो. नळीच्या तोंडाकडे फार वजन असेल तर मूल ते पेलण्यासाठी मागे झुकतं, आणि रोज तासभर असं झुकणं वाढत्या वयाच्या पाठीला चांगलं नाही. उभं राहताना रायफलचा भार तळहातातून कोपरात, कोपरातून कमरेच्या हाडावर आणि तिथून सरळ डाव्या पायात उतरला पाहिजे. दंड दुखायला लागला की समजावं, भार हाडांवरून निसटून स्नायूंवर आला आहे.

स्प्रिंगची की सिलिंडरची

स्प्रिंगच्या रायफलीत नळी खाली वाकवून किंवा बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची असते. तिला पंप नको, सिलिंडर नको, किंमत कमी. पण गोळी सुटताना आतला पिस्टन धाव घेतो आणि रायफल हातात झटका देते, शिवाय साठ वेळा स्प्रिंग ताणणं दहा-बारा वर्षांच्या मुलाला जड जातं. नळी वाकवून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. ती सुटून मिटली तर बोटं चेचतात. आणि रिकामी स्प्रिंगची रायफल कधी चालवू नका, समोर हवेची उशी नसल्याने पिस्टन आपटून खराब होतो.

जुन्या क्लबच्या कपाटात एखादी फाइनवर्कबाऊ ३०० सापडली तर तिच्याकडे आदराने पाहा. तीही स्प्रिंगचीच, पण गोळी सुटताना तिची यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवरून मागे सरकते, त्यामुळे झटका खांद्याला जाणवतच नाही.

आज स्पर्धेत चालते ती दाबलेल्या हवेची, रेंजच्या भाषेत पीसीपी. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरलेली असते. झटका नाही, ताणणं नाही, प्रत्येक गोळी सारख्या वेगाने. नवख्यासाठी खरोखर हीच चांगली, कारण चूक रायफलची की आपली हा प्रश्न उरत नाही. पण खरेदीआधी हवा कुठे भरणार हे ठरवा. रेंजवर मोठी टाकी किंवा कॉम्प्रेसर आहे का? नसेल तर हातपंपाचा खर्च धरा. हवा कोरडी हवी. ऑक्सिजन मात्र कधीही, कुणीही सांगितलं तरी भरायचा नाही. तेल-ग्रीसशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो.

लांबीचं म्हणाल तर स्पर्धेच्या नियमात यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत ८५० मिलिमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे फार मोठी रायफल मिळत नाहीच. ने-आण करायला बट सुटं होणारी बरी पडते, एवढं पुरे.

ट्रिगरबद्दल दोनच शब्द. एअर रायफलच्या ट्रिगरला नियमात किमान वजनाची अट नाही, म्हणून काहीजण तो केसासारखा हलका करून देतात. नवख्याला असा देऊ नका. दोन टप्प्यांचा ट्रिगर घ्या; पहिला टप्पा मोकळा, दुसऱ्यावर बोटाला स्पष्ट टेकू जाणवेल असा.

जुनी घेताना

नव्या परदेशी रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते, म्हणून जुनी घेण्याकडे कल असणं साहजिक आहे. मीही क्लबसाठी एक जुनी घेतली होती. रंग, दस्ता, साईट सगळं चकाचक. आणल्यावर आठवड्याने सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचली, तर मुदत सरून पाच महिने झालेले. या सिलिंडरना साधारण दहा वर्षांची मुदत असते, आणि ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येत नाही, आणि खरं सांगायचं तर घरातही ठेवू नये. नव्या सिलिंडरचे पैसे भरल्यावर "स्वस्त" रायफल स्वस्त राहिली नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं, पण तारीख वाचण्याचं काम माझं होतं.

तेव्हा सगळ्यात आधी ती तारीख पाहा. मग हवा भरून काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. काटा खाली आला असेल तर कुठेतरी सील गळतंय. स्क्रूंची डोकी न्याहाळा, खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी घरी उघडझाप केलेली आहे. रायफलवरचा क्रमांक बिलाशी जुळवा. शेवटी टेबलावर पक्का आधार घेऊन दहा गोळ्या मारा. १० मीटरवर चांगल्या रायफलीच्या दहा गोळ्या एकाच भोकात जातात. भोक पसरट झालं तर लगेच नळीला दोष देऊ नका. आधी छर्रे बदलून पाहा.

छर्रे चपट्या तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे घ्यायचे. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, आणि एका नळीला एक मानवतो तर दुसरीला दुसरा. तीन वेगळे डबे आणून आधारावरून मारून पाहा आणि जो जुळेल तो कायम ठेवा. हे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना खाण्याच्या डब्याला हात लावू देऊ नका. मी रेंजच्या दाराशीच साबण ठेवला आहे.

घरी आणल्यावर

रायफल भरलेली असो वा नसो, तोंड कायम टार्गेटच्या दिशेने. नळीतून आरपार जाणारा रंगीत सेफ्टी फ्लॅग सराव नसताना घातलेलाच हवा. घरात जागा मोजून १० मीटर असेल, टार्गेटमागे पक्की भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी असेल, आणि मधल्या पट्ट्यात एकही दार उघडत नसेल, तरच घरी गोळी चालवा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. इतकी जागा नसेल तर हळहळू नका. कोऱ्या भिंतीसमोर रायफल धरून, छर्रा न घालता, रोज वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. पीसीपीमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. उभं राहणं मुलं अशीच शिकतात.

कोल्हापूर-कोकणच्या पावसाळ्यात केसमधला स्पंज दमट होतो आणि रायफलीवर लाल ठिपके येतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रायफल केसमध्ये नाही, कुलपाच्या कोरड्या कपाटात ठेवा. धातूवर तेलाचा अगदी पातळ हात, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. नळीच्या आत तेल नको. विमानाने जाताना कंपनीला आधी कळवा, सिलिंडर रिकामा करा आणि रायफल मोठ्या सामानात द्या.

नाव नोंदवताना मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. आपली राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी केली ती दादासाहेब मावळणकरांनी, लोकसभेच्या पहिल्या सभापतींनी. राष्ट्रीय स्पर्धेआधीची जी मावळणकर स्पर्धा मुलं खेळतात, ती त्यांच्याच नावाची. याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराचं, विश्वविजेतेपद मिळवलं. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचं.

पहिल्या दिवशी एक वही करा. तिच्यात रायफलचा क्रमांक, सिलिंडरची मुदत, लेंग्थ, चीकपीसची उंची, साईटचे क्लिक आणि छर्ऱ्याचा आकडा लिहा. मुलं वाढतात, म्हणून दर तीन महिन्यांनी मापं परत घेऊन तारखेसकट नोंदवा. मे महिन्यातल्या त्या मुलीच्या वडिलांनी मोठी रायफल कपाटात ठेवली आणि ती क्लबच्या साडेतीन किलोच्या रायफलीवर आली. तेव्हा आम्ही बटमधले सगळे स्पेसर, म्हणजे लांबी वाढवणारे तुकडे, काढून टाकले होते. तिच्या वहीत आता दोन स्पेसर परत घातल्याची नोंद आहे. घरची रायफल काढायला अजून दीडेक वर्ष आहे, तिच्या सिलिंडरची तारीखही त्याच पानावर लिहिलेली आहे.